त्यांच्या वाट्याचं पाणी

माझ्या हुद्द्याचं स्पेलिंग माझ्या वडिलांनी चुकवलं, आणि वर मलाच सुनावलं.

मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डाएटिशियन म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तरी मालकाने त्यांना प्रुफं तपासायला ठेवून घेतलं, कारण त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटायची नाही. माझी नोकरी पक्की झाली म्हणताच हा माणूस मला न विचारता व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा छापून घेऊन आला. वर माझं नाव ठळक, खाली इंग्रजीत हुद्दा. आणि हुद्द्यात जिथे दुसरा 'टी' हवा तिथे 'सी'.

"बाबा, हे चुकलंय. अर्धं जग असंच लिहितं, पण चूक ती चूक," मी म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस तो, त्याला ते कसलं झेपतंय! आठवडाभर घुम्यासारखे जेवले. मग एका संध्याकाळी चाळीचा जिना जवळजवळ धावत चढून आले. छापखान्यात फ्रेंच शिकवणारे एक सर प्रश्नपत्रिका छापायला यायचे, त्यांना बाबांनी गाठलं होतं. "फ्रेंचात 'सी'च आहे! शब्द मूळचा तिकडचाच दिसतो. आणि दोन 'ई'च्या डोक्यावर तिरक्या रेघा. आणि बाईमाणूस असेल तर शेवटी आणखी दोन अक्षरं जोडायची."

"बाईला तिथेही जास्तच काम," आई चुलीजवळून म्हणाली. चूल म्हणजे गॅसच, पण आमच्याकडे चूलच म्हणतात.

सरांकडून बाबांनी उच्चारसुद्धा घोटून घेतला होता. दिएतेतिसिएन. त्या दिवसापासून मी उंबऱ्यात चप्पल काढली की आतून मालवणी हेलात आवाज यायचा, "इलंस काय गो, दिएतेतिसिएन?" लग्न होऊन मी कॉटन ग्रीनला राहायला गेले तरी लालबागच्या त्या खोलीत शिरताना तीच हाक. आईला मात्र तो शब्द मेला कधी जमला नाही. फ्रेंच तर सोडाच, इंग्रजीसुद्धा नाही. मी काय करते असं कुणी विचारलं की ती सांगायची, "हॉस्पिटलात डायटिंगला आहे." लोकांना वाटायचं मीच जाडी कमी करायला भरती झालेय.

मग बाबांच्या किडन्या गेल्या.

हे खातं माझंच. रोज मी परक्या माणसांना सांगत होते ते आता घरात सांगायचं होतं. मीठ बंद. नारळ बंद. मालवणी माणसाला नारळ बंद म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. भाजी चिरून पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग उकडायची, तेही पाणी ओतायचं, आणि उरेल तो चोथा खायचा. आणि पाणी मोजून. दिवसाची बाटली भरून ठेवायची, चहा-औषध सगळं त्यातच. डायलिसिसच्या आदल्या दिवशी त्यांना श्वास लागायचा तेव्हा त्या बाटलीतलंही कमी करायचं. उन्हाळ्यात ते ओला रुमाल ओठांवर ठेवून बसायचे आणि माठाकडे बघत राहायचे. माठ शेवटी मी खोलीतून काढून शेजारच्या मावशींकडे ठेवायला लावला.

"एक घोट गो," ते म्हणायचे.

"नाही," मी म्हणायचे.

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण जास्तीच्या पाण्याने माणूस कसा आतल्या आत बुडतो ते मी वॉर्डात बघितलं होतं. मी सांगितलं ते बरोबरच होतं, आजही बरोबरच आहे. आई सगळं डोळ्यांत तेल घालून करायची. माझ्या वॉर्डातल्या शिकल्यासवरलेल्या बायका नवऱ्याला गुपचूप लोणचं भरवायच्या. माझ्या आईने कधी चिमूटभर मीठ घातलं नाही. तसेच ते गेले. तहानलेले गेले असं चाळ म्हणाली. किडन्यांनी गेले असं मी म्हटलं.

आई माझ्याकडे यायला तयार होईना. "माझं बिऱ्हाड हेच." मग मीच दोन-चार दिवसांआड ड्युटी सुटली की लालबागला जायचे. माझं ताट झाकलेलं असायचं. बांगडा तळलेला, आमटीत भरपूर खोबरं, सोलकढी. "तू जेव आधी, मी मागाहून." ती कायम मागाहूनच जेवणारी. तिच्या बरोबरीच्या सगळ्या बायका तशाच. बाबा होते तेव्हाही ती त्यांच्यानंतर, त्यांच्याच टोपातलं. यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं आणि ते परत यायला लागले.

पहिल्यांदा ती मला सहज म्हणाली, वांगी महाग झाली म्हणावं तसं. "दुपारी हे आले होते. खिडकीपाशी बसले. काय बोलले नाहीत." मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. "स्वप्न नव्हे गो. मी लसूण सोलत होते." मी तिचा हात दाबला आणि विषय बदलला. दुःखात होतं असं, म्हातारी माणसं एकटी पडली की होतं. मी स्वतःला हेच समजावलं.

पण ते रोज यायला लागले. भर दुपारी, ऊन खोलीत शिरलेलं असताना. आईच्या बोलण्यात 'होते' जाऊन 'आहेत' आलं. ती जेवताना पाट सरकवून बाजूला जागा करायची. मध्येच थांबून कोपऱ्याकडे कान द्यायची आणि मान डोलवायची. तिची चाल बिघडली. भिंत धरून नळावर जायची. हातातून वाटी सुटायची. एकदा मला तिने दोनदा विचारलं, नवऱ्याला बरोबर का नाही आणलंस, आणि तो तिच्या समोर बसला होता. तिच्या बीपीच्या गोळ्या मी तपासल्या, वेळच्या वेळी घेत होती. मग विसरण्याच्या आजाराचा संशय माझ्या मनात आला आणि मी गुपचूप त्या आजाराच्या डॉक्टरची पुढच्या महिन्यातली वेळ घेतली.

चाळीला डॉक्टर नको होता. शेजारच्या मावशी मला गॅलरीत गाठून म्हणाल्या, "बापूस तहानलेला गेला तुझा. त्याची इच्छा राहिलीय. तो पाण्याला येतो."

"मावशी, त्यांच्या किडन्या राहिल्या नव्हत्या. इच्छाबिच्छा काही नाही," मी जरा जोरातच बोलले. मावशींनी तोंड फिरवलं. मी विज्ञान शिकलेली बाई, असल्या गोष्टी मी उडवून लावते. पण खरं सांगते, त्या खोलीत दुपारची एकटी बसायला मला नको वाटायला लागलं होतं. खिडकीपाशी ते बसायचे ती जागा मी पाय न लावता ओलांडायचे. स्वतःवर चिडायचे आणि तरी ओलांडायचे.

आणि मग ते झालं, जे मला अजून उलगडलेलं नाही. मी चप्पल काढत होते. आई पाठमोरी, भांडी पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "हे विचारतायत, दिएतेतिसिएन जेवून आलीय काय."

अगदी तसाच. शेवटचा 'सिएन' नाकाच्या शेंड्यावरून काढलेला, बाबा काढायचे तसा. जिला वीस वर्षांत 'डाएटिशियन' म्हणता आलं नाही तिने तो शब्द जिभेवर न अडखळता म्हटला. "आई, परत म्हण," मी म्हटलं. ती वळली. "काय म्हणू?" तिला काही आठवत नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही. भूक नाही म्हणून सांगून खाली उतरले आणि नवऱ्याला फोन करून रस्त्यातच रडले.

पितृपक्ष आला. आमच्याकडे म्हाळाला पितरांची वाडी ठेवतात, म्हणजे गेलेल्या माणसासाठी पान वाढून कावळ्याला घालतात. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. आईने हट्टाने सगळं स्वतः केलं, भिंतीला पाठ टेकून, धापा टाकत. मी मदतीला गेले तर हुसकावलं. नैवेद्याचं चाखायचं नसतं, त्यामुळे चव बघायचा प्रश्नच नव्हता. पान गॅलरीसमोरच्या पत्र्यावर ठेवलं. आईने शेजारी तांब्या ठेवला, काठोकाठ भरलेला.

कावळे आले. एकाने वडा चोचीत धरला आणि टाकला. दुसऱ्याने लांबूनच मान वाकडी करून बघितलं. मग दोघंही उडून पलीकडच्या चाळीवर जाऊन बसले. गॅलरीत बायका जमल्या. "काहीतरी राहिलंय." "कबूल करा काहीतरी त्याला." मावशी माझ्याकडे बघत होत्या, आणि नुसत्या बघत नव्हत्या. मी म्हटलं, "अहो, आज अख्ख्या लालबागेत पानं पडलीयत, कावळ्यांची पोटं तुडुंब आहेत!" कुणी हसलं नाही. आई कठड्याला धरून हळू आवाजात म्हणत होती, "पाणी तरी प्या. आज कोण मोजत नाही."

मला ते ऐकवेना. मी आत आले, टोपावरचं झाकण काढलं आणि उभ्याउभ्याच वाटाण्याची आमटी वाटीत घेऊन प्याले. रागाने प्याले. कावळा शिवला नाही तर मी शिवते, असा काहीतरी तो राग होता.

आमटी अळणी होती. मिठाचा कण नव्हता. भाजी चाखली, अळणी. वडा मोडला, अळणी. खोबरं कुठेच नाही. भोपळा चोथा झालेला, दोन पाण्यांत उकळलेला.

"आई, मीठ विसरलीस?"

ती उंबऱ्यात उभी होती. "विसरेन कशी? ह्यांना बंद आहे ना."

"बाबा गेले ना आई."

"म्हणून काय झालं? तू परत सुरू कर म्हणून कुठे सांगितलंस?"

मी वाटी खाली ठेवली. काहीतरी सुचायला लागलं होतं आणि ते नको वाटत होतं. "आणि तू काय खातेस?"

"मी वेगळं काय खाणार? एका जिवासाठी दोन टोप कोण चढवणार! ह्यांचं आजारपण निघाल्यापासून मी हेच खाते. त्यांच्यासमोर बसून मीठ खायचं म्हणजे... माझ्या घशाखाली नसतं उतरलं."

"माझ्या ताटात तर मीठ असतं."

"तुझं मी निराळं करते."

"आणि पाणी?"

ती जरा लाजली, चोरून काही करताना धरल्यासारखी. "पाणी पिते मी. माझं पिते, आणि त्यांच्या वाट्याचं पण. गेले तेव्हा किती सुकले होते! मी प्याले की त्यांना पोचतं. प्याल्यावरच तर येतात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काय खाता, कसं शिजवता, पाणी किती पिता, हे तीन प्रश्न मी रोज समोरच्या प्रत्येक माणसाला विचारते. त्यावर माझं पोट चालतं. आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते शरीरातलं मीठ बाहेर काढतं. वर मिठाशिवाय जेवण, तेही चिमणीएवढं. वर तांबे रिचवायचे. रक्तातलं सोडियम घसरत घसरत जातं तेव्हा तोल जातो, हातातल्या वस्तू पडतात, माणसं ओळखू येत नाहीत. आणि मेंदूला सूज आली की नसलेली माणसं दिसतात. आणखी उतरलं की फिट येते, मग संपलंच. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत मरत होती, आणि ती भूतबाधा होती की म्हातारपण एवढ्याच वादात आम्ही सगळे होतो.

हॉस्पिटलच्या वाटेवर टॅक्सी सिग्नलपाशी अडकली. आई मला म्हणाली, "जरा सरक गो, ह्यांना नीट बसू दे." मी सरकले. खरंच सरकले, दाराला चिकटून बसले, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा परळपर्यंत रिकामी राहिली.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर माझ्यावर खेकसले, "इतकं खाली? ही बाई चालत आली?" शिरेतून मिठाचं पाणी चढवायचं होतं, पण थेंब थेंब. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते. आणि तोंडाने प्यायचं पाणी मोजून, उशाशी ठेवलेल्या ग्लासातलं.

नर्स सलाइन आणायला गेली. मला माहीत होतं ते एवढंच, की ही बाटली चढायला लागली की बाबा जाणार. आज नाही तर परवा, पण जाणार. मी पुन्हा लहान झाले. आईच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, बाबा आहेत का इथे?"

"आहेत की. तुझ्या मागे, स्टुलावर."

मी मागे बघितलं नाही. "त्यांना विचार ना, ते माझ्यावर रागावलेत का. पाण्यावरून."

आईने माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघितलं. "ते तुझ्याकडे बघतच नाहीयेत," ती म्हणाली. "त्या ग्लासाकडे बघतायत."

नर्स आली. मी बाजूला झाले.

पुढचे दिवस मी आईला पाणी मोजून दिलं. तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली की मला दुसरंच तोंड दिसायचं. तिने एकदाही मागितलं नाही. ती फक्त वॉर्डात मला बघायची, हे पोरगं कुठल्या मातीचं आहे असं. हळूहळू रिपोर्ट वर सरकला. तिचा हात स्थिर झाला. माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारून दाढी का वाढवलीस म्हणून झापलं. मग एका दुपारी तिने मला विचारलं, "त्या स्टुलावर कोण नाही ना?"

"नाही आई."

"हं," म्हणाली, आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बीपीची गोळी बदलली. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्यासमोर माझं कौतुक केलं, वेळेत आणलंत म्हणून. आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिला परत लालबागलाच सोडलं, तिला तेच हवं होतं, आणि दोन दिवस राहायला आले. मीठ बेताचं, नारळ चालेल, पाणी तहानेपुरतं, असं सगळं तिला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने बांगड्यांचं कालवण करायला घेतलं. किती दिवसांनी त्या घरात नारळ वाटल्याचा वास होता. रस्सा उकळायला लागला तशी तिने मिठाची बरणी उघडली आणि हात तसाच आत ठेवून थांबली.

"एक विचारू?"

"विचार."

"आठवड्यातून एक दिवस मी अळणी खाल्लं तर चालेल? एकच दिवस. आणि त्या दिवशी पाणी थोडं वर."

"उपास धरायचाय का?"

"उपास नाही गो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तेवढ्याने येतील का ते?"

मला खरं ते माहीत होतं, आणि तिला खोटं चालणार नव्हतं. "एका दिवसाने काही होत नाही, आई," मी म्हटलं. "ते दिसायला किती महिने लागले होते."

"मग महिने खाते."

"मरशील."

"ते तू बघशील ना. मरायच्या आधी मीठ देशील. तुला येतं ते." अगदी शांतपणे, हिशोबाने बोलली. तिने याचा विचार करून ठेवला होता, वॉर्डात पडल्या पडल्या, कोरड्या तोंडाने. "थोडे दिवस ते, थोडे दिवस मी. असं नाही जमवता येणार?"

मला तिला पोटाशी धरायचं होतं. मला म्हणायचं होतं, मला पण हवे आहेत गं ते, मला पण विचारायचं राहिलंय. पण तोंडातून निघालं ते निराळंच.

"नाही."

आईने मान हलवली. "ह्यांनाही असंच म्हणायचीस," ती म्हणाली. रागाने नाही. मग तिने बरणीतून मूठभर मीठ काढलं, माझ्याकडे बघत बघत सगळंच्या सगळं कालवणात सोडलं, आणि पळीने ढवळलं.

दोन ताटं वाढली. यावेळी ती मागाहून थांबली नाही, माझ्या समोर बसली. कालवण इतकं खारट झालं होतं की जीभ चरचरत होती. आम्ही दोघींनी ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं, आणि जेवण झाल्यावर पाणी प्यायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.